फुटलेला बिंदू

१

खापरगव्हाणच्या धरणात गेली काही वर्षं पाणी नव्हतं, तरी गुलाब कांबळे रोज सकाळी चहा घेऊन धरणाच्या पोटात शिरायचा. भिंतीच्या पायथ्याला, त्याच्या सरकारी क्वार्टरच्या बाजूनं, एक अरुंद बोगदा काढलेला होता. तो भिंतीला आडवा जाऊन तळ्याच्या अंगाला बंद व्हायचा. आत एका माणसापुरती वाट आणि दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचं बांधकाम. बाहेर वैशाखाचं ऊन रटरटत असलं तरी आत माठातल्यासारखा गारवा असायचा.

पुढं चौकीदार दगडोबा बॅटरी धरून, मागं गुलाब. भिंतीत एक जुना तडा होता, वीतभर लांब. त्यावर गुलाबनं सिमेंटनं काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. तडा हलला तर काच फुटणार, एवढा साधा हिशेब. रोज बघायचं, काच शाबूत आहे म्हणायचं आणि बाहेर यायचं.

"सायेब, पानीच न्हाय तर भिंतीला काय धाड भरतीया?" दगडोबा रोज म्हणायचा.

"पाणी नाही म्हणूनच वेळ आहे, दगडोबा. भरल्यावर कोण तपासणार?"

ही भिंत बहात्तरच्या दुष्काळात उभी राहायला लागली तेव्हा गुलाबची आई, भिमाबाई, इथं खडी फोडायला होती. पुढं गुलाब संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादेत, शिकला, पुण्याला जाऊन इंजिनियर झाला आणि नेमका ह्याच धरणावर नेमणुकीला आला. म्हातारीला त्याचं केवढं अप्रूप! क्वार्टरच्या दोन खोल्यांत बुद्धाची तसबीर लावून झाल्यावर ती आधी भिंतीपाशी गेली आणि दगडावर पंजा ठेवून म्हणाली, "ह्यातली खडी माज्या हातची हाय."

त्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला. खाली उसाची सोसायटी निघायची होती, धरण तिच्या हवाली करायचं होतं. त्याआधी तडा असलेली भिंत भरल्या तळ्याचा भार सोसेल का, ते गणितानं दाखवा. गुलाबला बरंच वाटलं. ही विद्या तो पुण्यात शिकला होता आणि ती वापरायची संधी ह्या माळावर मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं भिंतीचा उभा छेद कागदावर काढला. बोगदा ज्या रेषेत होता, नेमका त्याच रेषेतला. भिंतीखालचा खडक घेतला, एका अंगाला तळ्याचा तळ घेतला, दुसऱ्या अंगाला क्वार्टरपर्यंतची जमीन घेतली. त्या सगळ्याचे लहानलहान त्रिकोण पाडले. कागदावर तळं काठोकाठ भरलं. मग त्रिकोणांच्या प्रत्येक टोकावर ओढ, म्हणजे ताण, किती पडते ते काढायचं. एखाद्या टोकाला ओढ सोसेनाशी झाली की तिथला बिंदू फोडायचा. फोडायचा म्हणजे एका बिंदूचे दोन बिंदू करायचे. जागा तीच, क्रमांक दोन. एक तड्याच्या अलीकडचा, एक पलीकडचा. त्यातला मूळ कुठला आणि नवा कुठला, असा प्रश्नच नसतो, दोन्ही खरे. मग पुन्हा गणित, पुन्हा पुढचा बिंदू. असा तडा कागदावर चालत राहतो.

एवढी आकडेमोड हातानं होण्यासारखी नव्हती. गुलाबनं भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा करवून घेतला आणि धाराशिवहून एस्टीच्या पार्सलानं पुण्याला, आपल्या सरांकडं पाठवला. तिथल्या कॉम्प्युटरवर ते चालणार होतं.

२

पुण्याचा कागद यायच्या आधीच, एका सकाळी दगडोबा बोगद्यात थबकला.

"सायेब, ही रेघ तुमी वडली का?"

जुना तडा जिथं संपत होता तिथून एक केसासारखी रेघ निघाली होती. गुलाबनं नखानं खरवडून पाहिलं. खडू नव्हता, रंग नव्हता. तडाच होता. पण दगडी बांधकामात तडा जातो तो सांध्यासांध्यानं, चुन्या-सिमेंटच्या वाटेनं. दगड टणक, तो आपली वाट सोडत नाही. ही रेघ दगडांच्या ऐन मधून गेली होती. सुरी साबणातून जावी तशी. थोडी सरळ जायची, एका जागी काटकोनापेक्षा जरा कमी वळायची, पुन्हा सरळ. जिथं वळली तिथं ना सांधा होता, ना दगडात डाग.

"ढिला दगड असंल," दगडोबा म्हणाला.

"असेल," गुलाब म्हणाला.

त्यानं रेघेवर नव्या काचपट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर हिऱ्याच्या कलमानं आपली सही कोरली आणि घरी येऊन छेदाचा कागद पसरला. बोगद्यातल्या रेघेचं माप घेतलं होतं ते त्यावर उतरवलं. रेघ त्याच्या त्रिकोणांच्या कडेकडेनं गेली होती. वळली होती ती बिंदूपाशीच.

मग त्याच्या डोक्यानं आपलं काम सुरू केलं. जिथं ओढ जास्त तिथं तडा जाणार. कागदावरही तिथंच, दगडातही तिथंच. जुळलं म्हणजे गणित बरोबर आहे. पण हे समाधान फार टिकलं नाही. एक तर तळ्यात थेंब नव्हता. ओढ यायची कुठून? आणि दुसरं म्हणजे तडा त्रिकोणाच्या कडेनंच जातो, हा दगडाचा गुण नव्हता. तो पद्धतीचा दोष होता. तिला दुसरीकडून फोडताच येत नाही म्हणून ती कडेनं फोडते. पुण्याला सर ह्यावरून हसायचे. म्हणायचे, "कांबळे, तुमच्या रेषा दगडाला माहीत नसतात हं!"

दोन दिवसांनी पुण्याचा लखोटा आला. गुलाबनं तो लगेच उघडला नाही. आधी बोगद्यात गेला, रेघ कुठवर पोचली ते मापून आला, कागदावर पेन्सिलीनं काढलं आणि मगच लखोटा फोडला. पेन्सिलीची रेघ आणि छापून आलेले आकडे यांत फरक नव्हता.

३

"माय, रात्री झोप लागली का नीट?" त्यानं विचारलं.

भिमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "झोप कसली रं. सारखं पान्याचं आइकू येतं. धरान भरल्यावानी. डुबुक डुबुक करतंय भिंतीला."

"वारा असेल."

"वारं असं वाजतंय व्हय?" ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मग दुपारी त्यालाही ऐकू आलं. भर उन्हात, झाडाचं पान हलत नसताना, क्वार्टरच्या भिंतीला कान लावला की पलीकडं कुणीतरी मोठं भांडं हलवतंय असा आवाज. तो धावत धरणाच्या माथ्यावर चढला. पलीकडं तळं होतं तसंच कोरडं, मातीच्या खपल्या वर उचलून पडलेलं. मधोमध झिऱ्याचा खड्डा आणि त्यातलं तळहाताएवढं पाणी. टँकर आला नाही की भिमाबाई घागर घेऊन ह्याच पायऱ्या चढायची, पलीकडं उतरायची आणि वाटीवाटीनं झिरा उपसायची. माथ्यावर उभं राहिल्यावर आवाज बंद झाला. खाली उतरला की पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी बोगद्यात त्यानं काचपट्ट्या पाहिल्या. रेघ बरीच पुढं गेली होती, तरी एकही काच फुटली नव्हती. म्हणजे तडा उघडला नव्हता. नुसताच गेला होता. त्याला हायसं वाटलं. मग दगडोबानं बॅटरी जवळ नेली.

"सायेब, तुमी हितं दोन लावल्यात का काचा?"

जिथं त्यानं एक पट्टी लावली होती तिथं दोन होत्या. एकीवर एक नाही, शेजारी शेजारीही नाही. डोळा जरा हलवला की एक रेघेच्या अलीकडं दिसायची, एक पलीकडं. आणि दोन्ही त्याच जागी असायच्या. दोन्हींवर त्याची सही होती. सही करताना कलम घसरून 'क'चं शेपूट लांबलं होतं. ते दोन्हींवर लांबलं होतं.

गुलाबनं एक काच उपटून काढली, तळव्याला ओरखडा उठला. हातात काच आली. भिंतीवर काच राहिली.

"चला बाहेर," तो म्हणाला. दगडोबा आधीच वळला होता. त्या दिवसानंतर दगडोबानं बोगद्यात पाय ठेवला नाही. "म्हशीला बगाया जायचंय," म्हणाला आणि सास्तूरला लेकीकडं निघून गेला.

४

गणित संपलेलं नव्हतं. सरांनी लखोट्यात दोन ओळी लिहिल्या होत्या: तडा अजून चालतोच आहे, पुढं चालवू का? गुलाबनं कागदावर हातानंच पुढचा अंदाज बांधला. तडा खडकात शिरत होता, भिंतीखालून वळून उताराच्या अंगाला येत होता आणि वर निघत होता तो क्वार्टरच्या दोन खोल्यांच्या मधोमध. छेद काढताना त्यानं जमीन क्वार्टरपर्यंत घेतली होती. जरा अलीकडं थांबला असता तरी चाललं असतं.

तो परंड्याच्या गाडीत बसून तालुक्याला गेला, तिथून पुण्याला फोन लावला. लाईनमध्ये खरखर होती.

"सर, थांबवा. पुढं चालवू नका."

"अहो कांबळे, मी कुठं चालवतोय? तुमच्या पत्राची वाट बघतोय. कार्डं माझ्या टेबलावर पडलीत."

तो परत आला तेव्हा रेघ बोगद्याच्या जमिनीपर्यंत उतरली होती.

गुलाब मनानं कच्चा माणूस नव्हता. लहानपणापासून त्याला एकच गोष्ट ठाऊक होती: अभ्यास केला की वाट सापडते. तो कागद घेऊन बसला. तडा मधेच थांबत नाही, कुठल्यातरी बाहेरच्या कडेला जाऊनच संपतो, हे त्याला माहीत होतं. थांबवता येणार नव्हता. पण वळवता आला असता. तो त्रिकोणांच्या कडेनंच जातो ना? मग त्रिकोणच बदलायचे. ज्या दोषाला सर हसायचे तोच आता उपयोगी पडणार होता. त्यानं खडकातले त्रिकोण खोडले आणि नवे असे पाडले की क्वार्टरकडं जायला कडच उरणार नाही. सगळ्या कडा तळ्याकडं वळवल्या. तळ्यात कोण राहतं? कोरडी माती. तिथं वर निघू दे आणि संपू दे.

कागद पुरा झाल्यावर त्यानं आईला बजावलं, "माय, दोन-चार दिवस झिऱ्यावर जायचं नाही. मी टँकरचं बघतो."

"का रं?"

"धरणाचं काम चाललंय."

"कसलं काम? तितं चिटपाखरू न्हाय."

"नाही म्हटलं ना, माय."

सकाळी तो बोगद्यात शिरला. रेघ खडकाच्या तोंडाशी येऊन मागं वळली होती, तळ्याच्या अंगाला. गुलाब तिथंच भिंतीला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडला. आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

५

टँकर आला नाही. गुलाब तो बघायला सडकेवर गेला, उन्हात ताटकळला आणि दुपारी हात हलवत परतला. घरी भिमाबाई चुलीपाशी बसली होती. घागर भरलेली होती.

"माय, गेली होतीस?"

"पानी नगं का घरात? तू तर सांगून मोकळा." मग ती म्हणाली, "गुल्या, दार लाव. लई गारठा हाय."

बाहेर जमीन तापून चटके देत होती. म्हातारीनं वाकळ पांघरली होती. तिचे हात त्यानं हातात घेतले. गरम होते, कोरडे होते. तरी ती कुडकुडत होती.

तेवढ्यात माथ्यापलीकडून हाक आली. "गुल्या, ए गुल्या! मला घिऊन जा रं!"

आवाज आईचा होता. आई त्याच्या समोर बसलेली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

तो पायऱ्या चढून माथ्यावर गेला. तळ्यात झिऱ्याच्या काठावर एक बाई घागर कमरेवर घेऊन उभी होती. तेच हिरवं लुगडं, तीच वाकलेली मान. तिच्या आणि भिंतीच्या मधे, तळ्याच्या मातीतून, एक रेघ गेली होती. दुष्काळानं पडलेल्या भेगा वेड्यावाकड्या असतात. ही त्या सगळ्या खपल्यांना कापत सरळ गेली होती.

गुलाब पलीकडच्या पायऱ्या उतरला आणि रेघेपासून हातभर अंतरावर उभा राहिला.

"तू कोण?" त्यानं विचारलं.

"आरं, डोळं फुटलं का तुजं? मला वलांडता यीना झालंय. पाय उचलला की माघारीच पडतोय."

त्याच्या डोक्यानं अजूनही हार मानली नव्हती. ऊन लागलं असेल. भास असेल. भासाला जे ठाऊक नसेल असं काहीतरी विचारावं. भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा त्याची एक धाकटी बहीण झाली होती आणि बाभळीला बांधलेल्या झोळीतच गेली होती. त्याबद्दल आई कधीच बोलत नसे. त्यालाही फारसं ठाऊक नव्हतं.

"आपल्या बाळीचं नाव काय होतं?"

बाईनं घागर खाली ठेवली. "नाव कुटं ठिवलं रं? बाराव्याच्या आदीच गेली. तिला कदी कदी मी मनात सुमन म्हनती. कुनाला सांगू नगंस."

गुलाब उलट पावली फिरला, माथा ओलांडला, धापा टाकत घरात आला. चुलीपाशी भिमाबाई पदर तोंडाला लावून बसली होती.

"माय, आपल्या बाळीचं नाव..."

"आत्ताच तर सांगितलं की," ती म्हणाली. "तळ्यात. पुन्ना का बोलाया लावतोस?"

तो तिथंच खाली बसला.

"मला तितनं आन, गुल्या," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली. "पाय वल्लं झाल्यात माजं."

त्यानं तिचे पाय बघितले. पाय कोरडे होते. टाचांच्या भेगांत माती होती.

६

कागदावर तळं काठोकाठ भरलेलं आहे, हे त्याला आता आठवलं. ते पाणी त्यानंच भरलं होतं. भार पुरता लागल्यावाचून गणित कसं होणार?

उन्हं कलायच्या आत तो पुन्हा माथ्यावर आला. ह्या वेळी भिमाबाई त्याच्या मागं पायऱ्या चढून आली, कुडकुडत, वाकळ ओढत. "मी हितं थांबती," ती म्हणाली. "तू तिला... मला आन."

तो उतरला. तळ कोरडा होता. पण पाण्याचा आवाज आता भिंतीमागं नव्हता. सगळ्या बाजूंनी येत होता, तळ्याच्या वरच्या अंगाकडून, जिकडून ओढा येतो तिकडून. रेघेपलीकडं आई गुडघ्यावर लुगडं धरून उभी होती. पाण्यात उभं राहिल्यावर बायका धरतात तसं.

रेघ केसाएवढी होती. लहान पोरानं ओलांडावी. गुलाबनं खाली पाहिलं, मनात काही मोजलं नाही, काही मांडलं नाही, आणि पाय टाकला.

काही झालं नाही. माती मातीसारखीच लागली. तो चार ढांगांत आईपाशी पोचला, तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता.

"चल माय."

तो वळला आणि थांबला.

रेघेच्या पलीकडं, हातभर अंतरावर, गुलाब कांबळे उभा होता. एक पाय उचललेला. त्यानं तो पाय हवेत तसाच धरला, मग हळूच मागं घेतला. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता. बोगद्यातली काच उपटताना तळव्याला ओरखडा उठला होता. तो ओरखडा कपाळ पुसणाऱ्या त्या हातावर दिसला. तो त्यांच्याकडं बघत होता, पण माणूस लांबच्या माणसाकडं बघतो तसं, डोळे बारीक करून. मग त्यानं मान हलवली. नाही, जमायचं नाही, अशी. आणि पाठ फिरवली.

"अरे थांब!" गुलाब ओरडला. "मी इथं आहे! थांब!"

पायऱ्या चढणारा तो एकदा थबकला. त्याचे खांदे आखडले. पण वळून न बघता तो चढत राहिला. माथ्यावर भिमाबाई वाकळ पांघरून उभी होती. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तिचं तोंड तळ्याकडून फिरवलं आणि दोघं पलीकडच्या उतारानं दिसेनाशी झाली.

गुलाबनं रेघेकडं धाव घेतली. पाय उचलला. पाय माघारी पडला. पुन्हा उचलला. रेघ तेवढीच होती, केसाएवढी. तो पलीकडं झेपावला आणि आपल्याच पावलांच्या ठशांवर येऊन पडला.

आई मागून आली. तिनं त्याच्या अंगावरची माती झटकली.

"आसू दे," ती म्हणाली. "दम लागंल. बस हितं."

तो झिऱ्याच्या काठावर बसला. आभाळ निरभ्र होतं. घार फिरत होती. वरच्या अंगाला अजून काहीच दिसत नव्हतं, पण तळ्याच्या भेगांतून मुंग्या घाईघाईनं वर येत होत्या, रांगा मोडून, अंडी तोंडात धरून.

"गुल्या," आईनं विचारलं, "शाळंला, कॉलेजाला गेलास एवढं, पवायला शिकलास का रं कुटं?"

"नाही, माय."

"गावच्या हिरीत कोन उतरू देत हुतं आपल्याला," ती म्हणाली. रागानं नाही, जुनी गोष्ट सांगावी तशी. मग तिनं पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला घट्ट खोचलं आणि त्याला चिकटून बसली.

थोड्या वेळानं त्याच्या घोट्याला गार लागलं.